सावित्रीचं पाणी, अरबी समुद्राचा कार्बन

महाडला समुद्र दिसत नाही, पण भरती कळते. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेलं पाणी आंबेत, दासगाव मागे टाकत शहराच्या जवळपास येतं. नदी तुडुंब असताना मोठी भरती आली, की पुराचं पाणी उतरायचं नाव घेत नाही. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना म्हणूनच पावसाच्या आकड्याइतकीच भरतीची वेळही महत्त्वाची वाटते. दुसऱ्या बाजूला, पोलादपूरपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर, सह्याद्रीचा कडा उभा आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली पाहिलं की दिसते ती सावित्रीची दरी. तेराशे मीटरच्या आसपास उगम पावलेली ही नदी पोलादपूरला येईपर्यंत शंभर मीटरच्याही खाली उतरलेली असते. पुढे महाडला गांधारी आणि दासगावजवळ काळ नदी पोटात घेऊन ती बाणकोट आणि हरिहरेश्वरच्या मध्ये समुद्राला मिळते. गोदावरीला समुद्र गाठायला चौदाशेहून अधिक किलोमीटर लागतात; सावित्रीचं सगळं आयुष्य शंभर-सव्वाशे किलोमीटरांत आटोपतं.

समुद्रातल्या कार्बनची गोष्ट सांगताना पुस्तकं आपल्याला बहुधा उत्तर अटलांटिकला किंवा अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड पाण्यात नेतात. तिथली गोष्ट मोठी आहेच. पण समुद्राच्या कार्बनचा एक धागा डोंगरावर सुरू होतो आणि समुद्र तापल्याचे परिणाम पुन्हा डोंगरावरच कोसळतात. हे दोन्ही एका दिवसाच्या प्रवासात पाहायचं असेल, तर महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांइतकी जागा सापडणं कठीण. म्हणून सुरुवात इथून.

आंबेनळी घाट ज्या काळ्या कातळात खोदला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. दख्खनचा हा बेसाल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटात रस्त्यासाठी तोडलेल्या भिंतीजवळ गाडी थांबवून पाहावं. कातळाचे गोल धोंडे मुरमात रुतलेले दिसतात. धोंड्याचा बाहेरचा पापुद्रा तांबूस, बोटाने कुस्करला तर भुगा होणारा. त्याच्या आतला थोडा घट्ट, राखाडी. आणि गाभा अजून काळाकुळकुळीत, हातोडा मारला तर टणत्कार करणारा. एकाच दगडात झिजण्याच्या सगळ्या पायऱ्या हातभर अंतरात दिसतात. ही झीज करणारं पाणी साधं नसतं. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड आपल्यात विरघळवून घेतो, आणि जमिनीत मुरताना त्याला त्याहून कितीतरी जास्त मिळतो, कारण मुळं आणि जिवाणू श्वासावाटे तो मातीत सोडत असतात. त्याचं सौम्य कार्बनिक आम्ल बनतं. हे आम्ल बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं, मागे चिकणमाती उरते, आणि वायूरूपातला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. डोळ्यांना न दिसता तो नदीबरोबर समुद्रात जातो.

तिथे शिंपला, शंख किंवा प्रवाळ आपलं कवच बांधताना हेच कॅल्शियम आणि हेच बायकार्बोनेट वापरतात. इथे एक हिशोब नीट समजून घ्यायला हवा, कारण तो बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. कॅल्शियमचा एक अणू कातळातून सोडवायला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. कवच बनताना त्यांतला एक पुन्हा मोकळा होतो आणि दुसरा चुनखडीत बंद होतो. म्हणजे कवच बनवण्याची क्रिया स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडते. कातळ आणि कवच एकत्र धरले, तरच हवेतला कार्बन कायमचा कमी झालेला दिसतो.

जगातल्या जमिनीच्या पाच टक्क्यांहून कमी भागावर बेसाल्ट आहे. तरी सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या बेसाल्टकडे जातो. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस असला की तो आणखी भराभर झिजतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कृष्णेचं खोरं आणि पश्चिम घाटातल्या नद्यांचं पाणी तपासून २००५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. घाटाच्या पश्चिम उतारावर वाहून जाणारं पाणी जास्त, म्हणून झीजही जास्त, असं त्यातून दिसलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. त्याचा पश्चिमेकडचा वाटा सावित्री उचलते.

एवढं वाचून कुणाला वाटेल, सह्याद्रीच आपला कार्बन गिळून टाकेल. तसं होणार नाही. जगभरच्या सिलिकेट खडकांची झीज वर्षाला जेवढा कार्बन हवेतून काढते, तो आपण कोळसा, तेल आणि गॅस जाळून सोडतो त्याच्या जेमतेम एखाद-दीड टक्का भरतो. लाखो वर्षांच्या हिशोबात पृथ्वीचं तापमान याच झिजेने सावरलं आहे, पण आपली घाई शतकाची आहे. बेसाल्टची बारीक पूड करून ती शेतात टाकायची आणि झिजेचा वेग वाढवायचा, असे प्रयोग आता भारतातल्या भातशेतीतही सुरू झाले आहेत. ते जरूर व्हावेत. त्यांच्या भरवशावर धुराडी चालू ठेवता येणार नाहीत, एवढं मात्र वरच्या आकड्यातून स्पष्ट आहे.

कातळातून आणखी एक गोष्ट सुटते, सिलिका. ती पुढे समुद्रात फार कामाची ठरते, त्यामुळे तिच्याकडे नंतर येऊ.

विरघळलेल्या कार्बनचा प्रवास शांतपणे होतो. दुसरा कार्बन गढूळ पाण्यातून जातो. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरचा पालापाचोळा, मुळं, वरकस जमिनीवरची माती, राब भाजल्यावर उरलेला कोळसा, ओढ्याकाठची उन्मळलेली झाडं, या सगळ्यांत झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन असतो. एरवी तो वर्षानुवर्षं त्याच जागी कुजत, मुरत राहतो. दरड कोसळली की काही मिनिटांत शेकडो वर्षांची माती नदीच्या स्वाधीन होते.

दरडीबद्दल लिहिताना इथल्या माणसांना ओलांडून पुढे जाता येत नाही. २५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं त्या एका संध्याकाळी गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले, आणि खाली महाड शहर पाण्यात गेलं. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ६० सेंटीमीटर पाऊस मोजला गेला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका दिवसात. पूर ओसरल्यावर महाडच्या घराघरांत, दुकानादुकानांत जो चिखल उरला, तो वरच्या डोंगरांची माती होती. नंतर नदीपात्रातला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा उपसला गेला तोही डोंगरच.

या गाळातल्या कार्बनचं पुढे काय होतं, यावर बरंच अवलंबून आहे. वाटेत, खाडीत किंवा समुद्रात जिवाणूंनी तो खाल्ला तर कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परततो. गाळाखाली लवकर गाडला गेला, प्राणवायू पोचेना झाला, तर हजारो-लाखो वर्षं तिथेच पडून राहतो. उभ्या उताराच्या, लहान खोऱ्याच्या नद्या या बाबतीत आकाराच्या मानाने फार मोठं काम करतात, हे १९९२ मध्ये मिलिमन आणि सिवित्स्की यांनी जगभरच्या नद्यांचा गाळ मोजून दाखवलं. मोठ्या नदीला वाटेत मैदानं लागतात, तिथे ती गाळ टाकत जाते. लहान डोंगरी नदीला टाकायला जागाच नसते. तैवानमध्ये यावर सर्वांत बारकाईने काम झालं आहे. तिथल्या लीवू नदीच्या अभ्यासात दिसलं, की मातीतला आणि झाडांतला कार्बन समुद्राकडे जातो तो मुख्यतः वादळी पावसाच्या पुरांत. २००९ च्या मोराकोट वादळानंतर तैवानचे किनारे वाहून आलेल्या ओंडक्यांनी भरून गेले होते. सावित्रीचं खोरंही असंच: उंच कडा, आखूड वाट, चार महिन्यांचा पाऊस आणि त्यातही मोजके दिवस खऱ्या जोराचे.

एक फरक आहे. लीवूसारख्या तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्या थेट खोल समुद्रात उतरतात, तर सावित्रीपुढे आधी लांब खाडी आणि मग कोकणचा उथळ, रुंद सागरी मंच आहे. त्यामुळे इथला कार्बन खोल जाण्याआधी त्याला खाणारे बरेच भेटतात. भारतातल्या पावसाळी नद्यांच्या मुखांचा अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाळ्यात या खाड्यांचं पाणी कार्बन डायऑक्साइडने अतिसंपृक्त असतं आणि तो हवेत सुटत राहतो, असं त्यात दिसलं. नदीने आणलेलं सेंद्रिय द्रव्य खाडीतच कुजतं आणि त्याचा वायू होतो. बाणकोटच्या खाडीकाठची कांदळवनं मात्र उलट काम करतात. मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, त्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो, आणि कार्बन तिथे टिकतो. कांदळवनात पाय घातल्यावर सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो त्या प्राणवायू नसलेल्या थरातला हायड्रोजन सल्फाइड. वास वाईट, पण कार्बन जपला जात असल्याची ती खूण आहे.

आता खाडीच्या बाहेर.

जगातल्या समुद्रांत सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे. हवेत आहे त्याच्या चाळीसपटीहून जास्त. जगभरच्या नद्या मिळून वर्षाला सुमारे ९० कोटी टन कार्बन समुद्रात घालतात. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषतो. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेत या वायूचं प्रमाण दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास होतं. आज ते ४२० च्या पुढे गेलं आहे. समुद्र नसता तर ते याहून बरंच वर असतं.

समुद्र हे काम दोन मार्गांनी करतो. पहिला मार्ग निव्वळ विद्राव्यतेचा. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो. ध्रुवांजवळचं थंड, जड पाणी तो घेऊन तळाशी उतरतं आणि शतकानुशतकं वर येत नाही. पाणी तापलं की उलट होतं. गोटी सोड्याची बाटली उन्हात ठेवून फोडली की सगळा सोडा फसफसून बाहेर येतो, तसंच. दुसरा मार्ग सजीवांचा. उजेड पोचतो त्या वरच्या शंभर-दोनशे मीटरांत सूक्ष्म वनस्पती प्लवक कार्बन घेऊन वाढतात. त्यांना प्राणी प्लवक खातात. मेलेले पेशीकण, विष्ठा, श्लेष्म यांचे पुंजके खाली झिरपत राहतात. बहुतेक वाटेत कुजतात, थोडे खोल पोचतात, तळाच्या गाळात तर जेमतेम शंभरातला एखादा हिस्सा. पण जेवढं खाली जातं तेवढा कार्बन हवेपासून दूर राहतो.

तापमानवाढ या दोन्ही मार्गांवर आघात करते. तापलेलं पाणी कमी वायू धरतं, हे झालंच. शिवाय वरचं पाणी गरम आणि हलकं झालं की ते खालच्या थंड पाण्यात मिसळेनासं होतं. खालची पोषणद्रव्यं वर येत नाहीत, प्लवक उपाशी राहतात. आणि तिसरी गोष्ट रसायनाची: समुद्राच्या पाण्यातले कार्बोनेट आयन नव्याने येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला पकडून बायकार्बोनेट बनवतात, म्हणून तर समुद्र एवढा वायू पचवू शकतो. हे कार्बोनेट जसजसं खर्च होतं, तसतसा पुढचा प्रत्येक टन शोषणं समुद्राला जड जातं.

हे झालं सगळ्या समुद्रांचं. अरबी समुद्र वेगळ्या स्वभावाचा आहे. जगातले समुद्र एकूण मिळून कार्बन शोषतात, हा सोडतो. १९९४ ते १९९७ या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग म्हणून अरबी समुद्रात वेगवेगळ्या ऋतूंत मोजमापं केली. एम. दिलीप कुमार, व्ही. व्ही. एस. एस. सरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की मधल्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वर्षातला बहुतेक काळ हवेपेक्षा जास्त असतं. वर्षाला काही कोटी टन कार्बन असा बाहेर पडतो. कारण मोसमी वाऱ्यांत आहे. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी बाजूला सारतो, त्या जागी खालून थंड, जुनं पाणी वर येतं. त्या पाण्यात वर्षानुवर्षं कुजलेल्या जीवांचा कार्बन साठलेला असतो. तो वर येऊन हवेत सुटतो, आणि त्याच पाण्यातल्या पोषणद्रव्यांवर प्लवकांचा मोठा बहर येऊन कार्बन पुन्हा खालीही जातो. देणंघेणं दोन्ही जोरात चालतं. शिल्लक हवेच्या बाजूला पडते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तर समुद्र आणि हवा यांच्यातला फरक कमी होईल आणि अरबी समुद्रातून सुटणारा वायूही कमी होईल, असं कुणी म्हणू शकेल. रसायनशास्त्राने ते बरोबर आहे. त्याच वेळी पाणी तापल्याने उलटा रेटाही आहे, आणि प्लवकांचं काय होतं यावर तिसरा. या तिसऱ्या गोष्टीवर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २००५ मध्ये जोकिम गोझ आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून सांगितलं, की आशिया खंड तापल्यामुळे मोसमी वारा जोर धरतो आहे आणि पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढत आहेत. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सहा दशकांचा मागोवा घेऊन नेमकं उलटं सांगितलं: पश्चिम हिंदी महासागरात प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत, कारण तापलेला वरचा थर खालची पोषणद्रव्यं वर येऊ देत नाही. पहिला अभ्यास सात-आठ वर्षांच्या नोंदींचा होता. लांब पल्ल्याच्या नोंदीला जास्त वजन द्यावं, असं मला वाटतं.

आता ती सिलिका. प्लवकांमध्ये डायटम नावाचा गट सिलिकेचं काचेसारखं कवच बांधतो. हे कवच जड, म्हणून डायटम मेले की लवकर खाली जातात आणि बरोबर कार्बन नेतात. शिवाय ते माशांच्या अन्नसाखळीचा पाया आहेत. सह्याद्रीचा कातळ झिजून सावित्रीसारख्या नद्यांतून जी सिलिका किनाऱ्यालगत येते, ती या डायटमच्या कामी येते. उत्तर अरबी समुद्रात मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिवाळ्यात दुसराच जीव फोफावलेला दिसतो: नॉक्टिल्युका. रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा कोकण किनाऱ्यावर लोक कौतुकाने पाहायला जातात, त्या याच जीवामुळे. उत्तर अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवे सूक्ष्मजीव राहतात. तो त्यांच्याकडून उजेडावर अन्न मिळवतो आणि डायटमही खातो. त्याला मासे फारसे खात नाहीत, सॅल्पसारखे लिबलिबीत जीव आणि जेलीफिश खातात. कमी प्राणवायूचं पाणी वर पसरल्यामुळे हा फोफावला, असं २०१४ मध्ये हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातल्या शास्त्रज्ञांना पुढे हे बहर प्राणवायू असलेल्या पाण्यातही दिसले, आणि त्यांनी कारण पोषणद्रव्यांच्या प्रमाणात शोधलं. कारण कोणतंही असो, डायटमच्या जागी दुसरा जीव आला की कार्बन खाली जायची वाट बदलते आणि मासळीचीही.

प्राणवायूचा प्रश्न कोकण किनाऱ्याला फार जवळचा आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला एक जाड थर कायमचा आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतही खालचं पाणी वर सरकतं आणि कमी प्राणवायूचं पाणी उथळ मंचावर चढतं. त्याच वेळी पाऊस आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरांचा पातळ थर त्याच्यावर पसरलेला असतो. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाली मिसळत नाही, आणि खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. त्यात वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही स्थिती तीव्र होत आहे आणि अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो. वजनाला वजन धरलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून जास्त उष्णता अडवतो. शेतातून वाहून येणारी नत्रखतं या स्थितीला हातभार लावत असावीत, असा त्यांचा कयास होता. सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका यांचं पावसाळी पाणी असं समुद्रातल्या घडामोडीत थेट भाग घेतं.

पाण्याची आम्लता वाढणं हा याच कार्बनचा आणखी एक परिणाम. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण हे माप लॉगरिदमचं आहे. हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्के वाढले आहेत. त्याबरोबर कवचासाठी लागणारं कार्बोनेट घटतं. खाडीत तिसऱ्या आणि कालवं गोळा करणाऱ्या बायकांच्या हातातला शिंपला आधीच पावसाळ्यात पातळ, कमी खारट आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्यात तग धरत असतो. पुराच्या पाण्यात बायकार्बोनेटही विरळ होतं. अशा जीवाला समुद्राकडूनही आम्लाचा रेटा आला, तर सावरायला जागा कमी उरते.

आणि मग समुद्राकडून परत येतो तो पाऊस. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे १ अंशाने वाढलं. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्याचं दिसलं. या पावसाचं बाष्प उत्तर अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या उसळ्या आणतात. एकूण मोसमी पाऊस त्या प्रमाणात वाढला नाही; तो कमी दिवसांत, जास्त जोराने पडतो आहे.

तळीयेची दरड तापलेल्या समुद्राने पाडली, असं मी लिहिणार नाही. एका दरडीमागे उताराचा कोन, मुरमाची जाडी, कातळातल्या भेगा, तोडलेली झाडं, कापलेले उतार, सगळंच असतं. पण एका दिवसात ६० सेंटीमीटर पाऊस पडण्याची शक्यता वाढली, तर या उतारांवरची माती पूर्वीपेक्षा लवकर निसटेल. आणि इथेच सावित्रीच्या कार्बनचा हिशोब बदलतो. तोच पाऊस चार महिन्यांत पसरून पडला तर मातीत मुरून कातळ झिजवतो आणि बायकार्बोनेटच्या रूपात कार्बन समुद्राला देतो. एका रात्रीत कोसळला तर मुरायला वेळच मिळत नाही. माती, मुळं, झाडं उचलून खाडीत नेऊन टाकतो, आणि तिथे त्यातला बराचसा भाग कुजून हवेत परतू शकतो. पहिल्या वाटेने हवेतला कार्बन कमी होतो. दुसऱ्या वाटेने डोंगरावर साठलेला कार्बन उघड्यावर येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये आडवी केलेली झाडंही याच दुसऱ्या खात्यात जमा झाली.

या दोन वाटांतला वाटा सावित्रीसाठी मोजून काढता येण्यासारखा आहे. अडचण वेळेची आहे. नदी आपलं बरंचसं ओझं जुलै-ऑगस्टच्या थोड्या पुरांत वाहते. त्यांतल्या जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि खाडीत होडी घालणं धोक्याचं असतं. नमुना म्हणून पुलावरूनच घ्यावा लागेल: पोलादपूरला, महाडला, आणि खाली आंबेत-म्हाप्रळला, पूर चढताना आणि उतरताना दर तासाला एक बादली. पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळून वर उरलेला गाळ वाळवून तोलायचा, त्यातला सेंद्रिय कार्बन मोजायचा. गाळलेल्या पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लाच्या थेंबांनी अनुमापन करून कॉलेजच्या कुठल्याही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढता येतं. विरघळलेली सिलिका रंगमापनाने. गाळातला कार्बन ताज्या पाल्याचा आहे की शतकांपूर्वीच्या मातीचा, हे कार्बन-१४ वरून ठरतं, आणि ती सोय अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. महाड-पोलादपूरमधल्या विद्यार्थ्यांनी असे दोन-तीन पावसाळे काढले, तर जुलै २०२१ सारखा एक दिवस नदीच्या वर्षभराच्या कार्बनपैकी किती हिस्सा उचलतो आणि त्यातला किती आंबेतपर्यंत पोचतो, याचं उत्तर टनांत देता येईल.